घरचा शब्द

चंद्रभान सर टेबलाचा कोपरा धरून डुलले आणि अकरावीचा वर्ग खो खो हसला. आधी टिप्सी, म्हणजे नुसता कललेला. मग ग्रॉगी, म्हणजे झिंगलेला. तो शब्द आला ग्रॉगवरून, म्हणजे आरमारातल्या पाणी घातलेल्या रमवरून, आणि त्या रमला हे नाव मिळालं एका साहेबाच्या जाड्याभरड्या कोटावरून. सरांनी तो कोटही सावरून दाखवला. दारुड्यांचं इंग्रजी इतकं रंगवून सांगणारा मास्तर बोईसरात दुसरा नव्हता, हे पोरांना ठाऊक होतं आणि सरांना जरा जास्तच ठाऊक होतं.

दोन दिवस पित्ताने अंथरूण धरलं होतं, तरी आज गडी रंगात होता. रजेचा अर्ज स्वराने ऑफिसात नेऊन दिला होता. स्वरा त्यांची मुलगी, याच वर्गात दुसऱ्या बाकावर. वर्गात तिने बाबा म्हणायचं नाही, सर म्हणायचं, असा त्यांचाच नियम होता.

"थ्री शीट्स टू द विंड. शीट म्हणजे शिडाचा दोर. तीन दोर सुटले, की होडी अशी झोकांड्या खाते." झोकांडी इतकी हुबेहूब जमली, की मागच्या बाकांनी टाळ्या वाजवल्या.

"एवढे शब्द कशाला लागले इंग्रजांना?" सर म्हणाले. "ज्याची लाज वाटते, त्याला माणूस सरळ नावाने हाक मारत नाही. बोला, तुमच्या घरी काय म्हणतात?"

नवापूरचा मिथुन उठला. "बा पिऊन आला का आय सांगते, आज दर्या चढलाय. आमी काय ते समजतो."

भाग्येशचे वडील कारखान्यात कामाला. तो म्हणाला, "आमच्याकडे ओव्हरटाइम म्हणतात, सर."

हशा पिकला. सरही पोट धरून हसले. आणि तेवढ्यात त्यांना स्वराचा वर केलेला हात दिसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात स्वराचा होता आणि अवलक्षण सरांचं.

ती उभी राहिली. "आमच्या घरी पित्त म्हणतात, सर."

शरमेने सरांचे कान तापले. आता वर्ग चमकेल, आता कुजबुज सुरू होईल, म्हणून ते खडूकडे पाहत थांबले. कुजबुज झाली नाही. शेवटी त्यांनी हळूच मान वर केली.

चाळीस पोरं वह्यांत डोकं घालून बसली होती. नवल कुणालाच वाटलं नव्हतं.