भिवाकाकांचा डबा

“कोरडी दारू बोटाक चिकटणा नाय, चेडवा,” ठासणीची बंदूक भरताना बाबा सांगायचे.

ते आठवून कुंदाने शेजारच्या भिवाकाकांच्या डब्यातली चिमूटभर दारू बोटांत चोळली. खडखडीत कोरडी होती. छर्रेही चोख. तालुक्याच्या दुकानात महिनाभर यातलं काहीच मिळत नव्हतं, इकडे रानडुकरं उभं भातशेत लोळवत होती. आणि एरवी एक छर्रा उसना न देणारे काका आज सगळा डबा निम्म्या किमतीत देत होते!

“काका, खरा सांगा. चोरीचो तर नाय?”

काकांनी नकारार्थी मान हलवली, पण डोळे वर केले नाहीत.

“मग इतको स्वस्त कित्याक?”

“माका आता धड दिसणा नाय गो,” अखेर ते म्हणाले. “परवा बांधावर डुकर समजान नेम धरलंय, आणि तू खोकलंस.”