न बुजवलेली ओळ

"मावशी, ही खड्ड्यांची ओळ कुणासाठी ठेवलीय?" मुकादम लांबूनच ओरडला.

सकाळचा सराव संपला की घोड्यांच्या टापांनी उखडलेला प्रत्येक खड्डा माती भरून, पायानं दाबून बुजवायचा, हे हौसाबाईचं रेसकोर्सवरचं तीस वर्षांचं काम. आज मात्र वळणावरचे खड्डे तसेच सोडून ती गवतात बसली होती.

"दाराबसाहेबांना बोलाव. त्यांची तांबडी घोडी शेवटी एकटीच पळाली. ह्या तिच्याच टापा."

मुकादमानं कपाळाला हात लावला. उद्याची शर्यत हीच घोडी मारणार, असं अख्खं शहर म्हणत होतं. तरी त्यानं म्हाताऱ्या ट्रेनरला बोलावून आणलं.

हौसाबाईनं एकेका खड्ड्यात बोटं घालून दाखवली. "तीन टापा चार बोटं खोल. आणि पुढचा डावा? नुसतं गवत चेपलंय. पाय दुखतोय लेकीचा, साहेब."

"आत्ताच चालवून बघितली. छान चालते."

"चालताना लपवते ती. पळताना कुठं लपवणार?"

दाराबसाहेब गुडघे टेकून बसले. एका खड्ड्यात बोट घातलं, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. शेवटी त्यांनी फोन काढला. "उद्या माझी घोडी पळणार नाही," एवढंच म्हणाले आणि तबेल्याकडे निघाले.

हौसाबाईनं मातीचं घमेलं जवळ ओढलं. एकेक खड्डा भरत, दाबत ती पुढे सरकू लागली. पुढच्या डाव्या पायाच्या जागी भरायला काही नव्हतंच. तिथं ती नुसता हात फिरवत होती.