कुठं लिहिलंय?

लाल रेशमी फीत, जाड पुस्तकाच्या पानांतून खाली लोंबणारी.

परंड्याच्या दवाखान्यातली औषधाची बाटली, अंगावर कागदी खुणांची पट्टी चिकटवलेली.

बलभीम मास्तरांच्या दारात, भर दुपारी, मास्तरांच्याच पायानं लवंडलेली भरली घागर.

सत्यभामेचा श्वास. आत जाताना शीळ, बाहेर येताना खरखर.

या श्वासानं कडूबाईची झोप उडवली होती. आईवेगळी नात, छातीत कफ दाटलेला. डॉक्टर म्हणाले होते, "आजी, दर वेळेला एक खूण. एकबी चुकवायची न्हाय." ती चुकवत नव्हती. पोरीचा ताप उतरायलाही लागला होता.

तेवढ्यात वस्तीवर ईरण्णा उपदेशक आला.

प्रार्थनेच्या खोलीत तो बोलायला लागला की माणसं डोळे पुसायची. आज तो बोलता बोलता कडूबाईसमोरच थांबला. "एका हातात देव आन् दुसऱ्या हातात बाटली? देवाला फसवतीस व्हय गं म्हातारे? उद्या पोरगी गेली, तर कुणाच्या नावानं रडशील?"

औषध द्यावं तर देव कोपणार. न द्यावं तर तो श्वास.

पण वस्तीची एक रीत होती, निजामाच्या काळापासूनची. पाहुणा कितीही गोड बोलो, कुणीतरी उठून विचारायचं, "कुठं लिहिलंय?" मग बलभीम मास्तरांनी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून ते वाचून दाखवायचं. वस्तीत दुसऱ्या कुणाला अक्षर येत नव्हतं. मागं एकानं जगबुडीची तारीख सांगितली होती. मास्तर म्हणाले, "असं लिहिलेलं न्हाय." त्याला जेवू घालून एसटीत बसवून दिलं.

"लई जेवला गडी," वस्तीवरचा धोंडीबा अजून सांगायचा. "म्हणला, वाटंतच बुडालो तर?"

कडूबाई भिंतीला धरून उठली. "कुठं लिहिलंय, साहेब?"

ईरण्णानं मानेवरचा घाम पुसला. "याकोबाच्या पत्रात," तो म्हणाला, पण आवाज खाली आला होता.

"मग मास्तरांना वाचू द्या की," धोंडीबा म्हणाला.

मास्तर भिंतीशी बसले होते. ईरण्णा त्यांच्यासमोर मांडी घालून बसला, पुस्तक स्वतःपुढं उघडलं, पान काढलं आणि तसंच पुढं सरकवून मास्तरांच्या मांडीवर ठेवलं. मास्तरांनी पानावर हात ठेवला. लाल फीत आज वरच्या अंगाला आली होती, त्यांच्या पोटाशी नाही. पुस्तकाच्या गोष्टी कडूबाईला काय कळणार?

ईरण्णा मास्तरांकडं बघत राहिला. मग हसला.

"वाचा मास्तर. विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील," तो आता मोठ्यानं म्हणाला, "पण औषधाला हात लावील त्याची प्रार्थना ऐकली जाणार न्हाय. असंच हाय न्हवं?"

मास्तरांचं बोट ओळीवरून हळूहळू सरकलं, पुन्हा मागं आलं.

"का दुसऱ्या कुणाकडनं वाचून घेऊ?" ईरण्णा मऊ आवाजात म्हणाला. "वस्तीबाहेरनं आणू कुणाला?"

"मास्तर," कडूबाई कळवळली, "तुमी म्हणाल तसं करते. माझी पोर हाय हो."

मास्तरांचे ओठ थरथरले. देवाच्या शब्दापुढं ते असेच कापतात, असं कडूबाईला वाटलं.

"लिहिलंय," ते म्हणाले. "असंच लिहिलंय."

कडूबाई घरामागं गेली. बुचाला दात लावून बाटली उघडली आणि उरलेल्या सगळ्या खुणा मातीत ओतल्या. आत सत्यभामेची शीळ चालूच होती. आज मात्र तिला त्या आवाजाची भीती वाटली नाही.

होळीच्या आधी सोलापूरच्या डॉक्टरनं बलभीम मास्तरांचे डोळे तपासले होते, आणि दोन्ही गेले म्हणून सांगितलं होतं.