परागाचं सोवळं

जोन्जू शहरातल्या संशोधन केंद्रात सोरान पेरिला या तेलबियांच्या झाडाचं नवं वाण वाढवत होती. त्याच्या बियांच्या तेलात काळजाला जपणारी आम्लं जास्त उतरावीत, म्हणून त्यात बाहेरचं जनुक घातलं होतं. जाळीघरातली ही झाडं नेमकी छुसकच्या, सगळे गावी जमतात त्या सुगीच्या सणाला फुलत. त्यांचे पराग अंगावरच्या कपड्यांतूनसुद्धा गावच्या पेरिलापर्यंत जाता कामा नयेत, असा कडक नियम होता. नवरा घर सोडून गेला, ते सोरानने आईला अजून सांगितलं नव्हतं. तेव्हापासून हा नियम तिला फार जवळचा वाटू लागला होता.

सणाच्या तोंडावर तिने फोन केला. "आई, यंदाही जमायचं नाही गं. आपल्या परसात पेरिला फुललाय ना?"

"फुलला होता. काल सगळा उपटला."

"सगळा? अगं, वर्षाचं तेल गेलं!"

"तेल काय, बाजारातून आणीन. शेजारीण म्हणाली, म्हातारीला वेड लागलं. म्हटलं, लागू दे, माझी लेक यायचीये."

सोरान भिंतीवरच्या रिकाम्या खुंटीकडे बघत राहिली. "पण ह्यांना सुट्टी नाहीये, आई. मी एकटी कशी..."

पलीकडे चुलीवर काहीतरी रटरटत होतं. आईने आच मंद केली.

मग हळूच म्हणाली, "एकटीच ये, बाळा. मी कधीचे दोनच वाडगे धुऊन ठेवलेत."