लसीचे पेढे

मालनने औषधाच्या खिडकीतून हात आत घातला. फार्मासिस्ट भोसीकरांनी नेहमीच्या डबीऐवजी तिच्या तळहातावर पेढा ठेवला. पेढा ताजा होता.

"एचआयव्हीची लस आली, मालनताई! गावोगाव टोचायला सुरुवातही झाली."

"आणि माझ्या गोळ्या?"

"त्या बंद. त्यांचं सरकारी अनुदान आता लसीला दिलंय."

"अहो, लस धडधाकट माणसांना. मला तर रोग आहेच. गोळ्यांशिवाय मी किती दिवस काढणार?"

"तुमच्याच रक्तावर संशोधन करून ही लस झाली, हे सरकार विसरलेलं नाही," भोसीकर कौतुकाने म्हणाले. "पुढच्या वर्षी मंत्र्यांच्या हस्ते तुमचा सत्कार आहे. शाल-श्रीफळ घ्यायला तुमच्या घरचं कोण येईल, तेवढं सांगून ठेवा."