कुशाबाचा भोंगा

खोटं वाटलं तर लालबागच्या त्या चाळीत विचारा. संगणकासाठी फुकट वाटायचा मराठी प्रोग्राम रचणाऱ्या मंडळाचे सभासद आणि त्यांचे ईमेल-पत्ते जयवंत सांभाळायचा. "आहेस का?" या वार्षिक मेलला उत्तर आलं नाही की पत्ता बंद. समोरच्या कुशाबाचाही त्यानं केला. दार ठोठावून विचारलं नाही. दोघांचा अबोला झाला, आणि त्या अबोल्यातच कुशाबा वारला.

"भावोजी, हात उचलत नव्हता त्यांचा, उत्तर कुठून लिहिणार?" एवढंच म्हणून त्याच्या बायकोनं, शेवंतीवहिनींनी, त्याचा संगणक भंगारात दिला, खोलीला कुलूप घातलं आणि गाव गाठलं. ब्याऐंशीच्या गिरणी संपाआधी टेप केलेला गिरणीचा भोंगा त्या संगणकावर मेल आली की वाजायचा.

जयवंतनं कुशाबाचा पत्ता पुन्हा चालू करून स्वतःकडे वळवला आणि त्यावर लिहिलं, "चुकलो रे, कुशा."

मेल जयवंतकडेच यायला हवी होती. आली नाही.

समोरच्या कुलूपबंद खोलीत भोंगा वाजला, आणि तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या, जुन्या गिरणीकामगार विठोबानं गिरणीतल्या पाळीला निघायला सुनेकडे डबा मागितला.