झालरीची रेघ

"आज झालर लई जाड काढलीस रे, आसाराम," जीपच्या बॉनेटवर पसरलेल्या नकाशावर वाकत कॅप्टन दिवेकर म्हणाले.

"ढगच तसं हाय, साहेब." आसारामनं नजर न उचलता पेन्सिल कानावर खोचली.

बहात्तर सालचा भाद्रपद. कोल्हारजवळच्या धावपट्टीवरून दिवेकर उसावर औषध फवारायचं विमान उडवत. रोज सकाळी आसाराम फोनवर पुण्याहून हवामान उतरवून घ्यायचा आणि कोऱ्या नकाशावर खुणा काढायचा. हवाईदलात पंधरा वर्षं त्यानं हेच केलेलं. त्याची खूण म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!

आज राहात्यापासून प्रवरेपर्यंत ढगांची हद्द दाखवणारी नागमोडी झालरीची रेघ होती. आत 'सीबी', म्हणजे गडगडाटी ढग. शेजारी चारशे, म्हणजे ढगाचा माथा चाळीस हजार फुटांवर. असल्या ढगात फवारणीचं विमान शिरलं की संपलंच.

वर आभाळ मात्र घासलेल्या ताटासारखं लख्ख. कारखान्याचे शेतकी अधिकारी तडकले. "अहो, तिकडं कीड ऊस फस्त करतेय आणि तुम्ही कागद बघत बसलाय? टीचभर ढग तरी दाखवा की!"

दिवेकरांनाही मोह झाला. दुपारी एक फेरी सहज झाली असती. पण घरी दीड महिन्याची लेक होती. त्यांनी पुन्हा एकदा नकाशा पाहिला आणि विमान दोरांनी बांधून ठेवायला लावलं.

तीन वाजता पश्चिमेकडून काळंकुट्ट उठलं. बाप रे बाप, काय तो वारा आणि काय त्या विजा! शेडचं छप्परच उडालं. या घटकेला आपण वर असतो, दिवेकरांच्या मनात आलं. पाऊस रात्रभर कोसळत राहिला.

दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन ते आसारामच्या घरी गेले. आसाराम गडबडीनं उठला, घोंगडी अंथरली.

"बाबा रे, माझी लेक पोरकी व्हायची वाचली ती तुझ्यामुळं." दिवेकरांनी पुडा त्याच्या हातात ठेवला. "हे उपकार जन्मात फिटायचे नाहीत."

"कशाला लाजवता, साहेब?" आसाराम खाली बघत पुटपुटला.

त्याची आई राहीबाई चुलीपुढून उठून आली. तिनं पदर सावरून दोन्ही हात जोडले.

"उपकार तर तुमचंच, साहेब. दोन महिनं पान्याचा टिपूस न्हवता. इमान ढग पळवतंय म्हनून समदं गाव वरडत हुतं. म्या ह्याला शपथ घातली, एक दीस तरी त्ये भुईवर ठिव. गुनाचं लेकरू माजं! पुन्यावाला फोनवर आभाळ साफ हाय म्हनला, तरी ह्यानं कागदावर ढग काढलं."